आधी अर्ज, मग रील

मराठीत 'पेटंट' हा शब्द आपण सर्रास वापरतो. एखाद्या नटाचा पेटंट डायलॉग, आजीची पेटंट आमटी, सरांचा पेटंट विनोद. म्हणजे त्या माणसाची खास, फक्त त्याचीच गोष्ट. सरकारी मराठीत पेटंटला 'एकस्व' म्हणतात. तिथेही तोच सूर: हे माझ्या एकट्याचं, दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

गंमत अशी की मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ आहे 'उघडं'. इंग्लंडचा राजा एखाद्याला हक्क द्यायचा तेव्हा त्याचं पत्र बंद करून मोहोर लावली जात नसे. मोहोर पत्राच्या खाली लोंबत असे, आणि पत्र कुणालाही न फोडता वाचता येई. त्याला 'लेटर्स पेटंट' म्हणत, म्हणजे उघडी पत्रं. पेटंटचा सगळा व्यवहार या दोन शब्दांत मावतो. तुम्ही तुमची युक्ती जगाला उघड करून सांगायची, आणि बदल्यात सरकार ठरावीक वर्षं ती तुमच्या एकट्याची ठेवणार. सांगितलं नाही तर एकस्व नाही. आणि चुकीच्या वेळी सांगितलं तरीही नाही.

मी पंढरपूर तालुक्यातल्या करकंबचा. इंजिनिअरिंग करून पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागलो. तिथे कंपनीच्या पेटंट अर्जांची तांत्रिक बाजू लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं आणि त्यातून हा विषय हाताला लागला. आता गावाकडे आलो की जिल्ह्यातल्या कॉलेजांत शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी आणि पीएचडी करणाऱ्यांसाठी दोन-दोन तासांची सत्रं घेतो. प्रश्न ठरलेले असतात. 'सर, पेटंट किती दिवसांत मिळतं?' 'पैसे किती मिळतात?' 'ॲपचं होतं का?' आणि मग मागच्या बाकावरून कुणीतरी संशोधक मॅडम सांगतात, 'माझा पेपर गेल्या महिन्यात छापून आलाय, आता पेटंट टाकते.' हे ऐकलं की मला जरा थांबून बोलावं लागतं.

सुरुवातीला मी कायद्याची कलमं सांगायचो. दहा मिनिटांत अर्ध्या वर्गाचे मोबाईल बाहेर येत. मग गोष्टी सांगायला लागलो आणि पोरं ऐकू लागली. त्याच गोष्टी इथे सांगतो.

पंखा ओढणारं यंत्र

भारतातला पहिला पेटंट कायदा २८ फेब्रुवारी १८५६ चा. म्हणजे सत्तावनच्या उठावाच्या आदल्या वर्षीचा. त्यात 'पेटंट' हा शब्द नव्हता, 'अनन्य हक्क' अशी भाषा होती आणि मुदत होती १४ वर्षं. हा चौदाचा आकडा इंग्लंडातून आला. तिथल्या सतराव्या शतकातल्या कायद्यात तेवढीच मुदत होती. उमेदवारी करणाऱ्या कारागिराची शिकायची मुदत सात वर्षांची, तिची दुप्पट, असा तिचा हिशेब सांगतात.

कायदा आल्यावर चारच दिवसांनी, ३ मार्च १८५६ ला, कलकत्त्यातल्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग नावाच्या सिव्हिल इंजिनिअरनं अर्ज केला. शोध काय, तर छताचा पंखा ओढणारं कार्यक्षम यंत्र. तेव्हा साहेबाच्या डोक्यावरचा कापडी पंखा दोरीनं हलवायला एक माणूस व्हरांड्यात बसवलेला असे. देशातला पहिला अर्ज त्या माणसाचं काम यंत्राकडे देण्यासाठीचा होता.

वर्गात मी या गोष्टीतल्या दोन तारखा फळ्यावर लिहितो. अर्ज ३ मार्चचा. यंत्राचं सविस्तर वर्णन आणि आकृत्या त्यानं दिल्या २ सप्टेंबरला. आधी हक्क सांगून ठेवला, मग सहा महिन्यांनी तपशील भरला. आजच्या कायद्यातही हीच सोय आहे. आधी 'प्रोव्हिजनल' अर्ज करायचा, म्हणजे कच्चा. त्या दिवसाची तारीख तुमच्या नावावर लागते. मग १२ महिन्यांच्या आत पूर्ण वर्णन द्यायचं. प्रोजेक्ट अर्धवट असताना अर्ज कसा करणार, असं विचारणाऱ्यांना हेच उत्तर आहे.

तो १८५६ चा कायदा पुढच्याच वर्षी रद्द झाला. कारण काय, तर तो करताना ब्रिटिश राणीची मंजुरीच घेतलेली नव्हती. १८५९ मध्ये नवा कायदा आणावा लागला. खुद्द सरकारनंही आधी काय आणि मग काय, हा क्रम चुकवला होता.

मुंबईचे भिसे

१८६७ साली मुंबईत जन्मलेल्या शंकर आबाजी भिसे यांचं नाव आपल्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत सापडत नाही. त्यांच्या नावावर सुमारे २०० शोध आणि ४० च्या आसपास पेटंट होती असं सांगितलं जातं. 'भारतीय एडिसन' हे विशेषण त्यांना हयातीतच लागलं. किराणा दुकानात माल आपोआप वजन करून देणाऱ्या यंत्रासाठी लंडनच्या एका मासिकानं ठेवलेली स्पर्धा त्यांनी जिंकली. मग ते लंडनला गेले. तिथे दादाभाई नौरोजींची मदत झाली.

त्यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे 'भिसोटाइप'. छपाईचे शिशाचे खिळे ओतणारं यंत्र. तेव्हाच्या यंत्रांपेक्षा ते कितीतरी वेगानं खिळे पाडत असे, असा त्याचा लौकिक होता. त्यासाठी सर रतन टाटांनी पैसे लावले, मंडळी जमली, कंपनी निघाली. तरी यंत्र बाजारात उभं राहिलं नाही. ओतीव खिळ्यांच्या धंद्यात आधीपासून मोठ्या कंपन्या बसलेल्या होत्या. भिसे पुढे अमेरिकेत गेले, तिथे यंत्रं आणि औषध दोन्हींवर काम करत राहिले आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वारले.

'पेटंट मिळालं की किती पैसे मिळतात?' या प्रश्नावर मी भिशांची गोष्ट सांगतो. पेटंट हा दुसऱ्याला थांबवायचा हक्क आहे. तो कारखाना काढून देत नाही, गिऱ्हाईक आणून देत नाही, कर्जही मिळवून देत नाही. तुमची वस्तू कुणालाच नको असेल तर तिची नक्कलही कुणी करणार नाही, आणि मग थांबवणार तरी कुणाला? शेताला कुंपण घालण्यासारखं आहे हे. कुंपण घातलं म्हणून पीक येत नाही. पण पीक आल्यावर कुंपण नसेल तर ढोरं शिरतात.

बोस यांनी काय केलं

भिसे लंडनमध्ये धडपडत होते त्याच काळात जगदीशचंद्र बोस तिथे येऊन आपले विद्युतलहरींचे प्रयोग सगळ्यांसमोर करून दाखवत होते. जानेवारी १८९७ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचं व्याख्यान झालं. यंत्राची रचना त्यांनी लपवली नाही. ज्ञानाचा धंदा करू नये असं त्यांचं मत होतं आणि पेटंट घ्यायला त्यांचा विरोध होता. विवेकानंदांच्या शिष्या सारा बुल यांनी आग्रह धरला म्हणून शेवटी सप्टेंबर १९०१ मध्ये अमेरिकेत एक अर्ज गेला आणि २९ मार्च १९०४ ला ७५५८४० क्रमांकाचं पेटंट मिळालं. त्यातून कमाई करायच्या फंदात ते पडले नाहीत.

ही गोष्ट सांगितली की वर्गात हमखास दोन गट पडतात. एक म्हणतो, किती मोठा माणूस. दुसरा म्हणतो, किती नुकसान. मला दोन्ही गटांना एकच सांगायचं असतं. बोसांना पेटंट म्हणजे काय हे ठाऊक होतं, आणि तरी त्यांनी नाही म्हटलं. त्यांनी निवड केली. पेपर छापून झाल्यावर ज्यांना कळतं की आता हक्क गेला, त्यांच्यापुढे निवडच उरत नाही. आपण जे शिकवायचं ते निवड करता यावी एवढ्यासाठी. प्रत्येकानं पेटंट घ्यावं असं त्यात काही नाही.

हळदीची गोष्ट, पण नीट

हळदीची लढाई भारतानं जिंकली हे सगळ्यांना माहीत असतं. 'मग हळदीचं पेटंट आता आपल्याकडे आहे ना?' असं मला अनेकदा विचारलं जातं. नाही. ते कुणाकडेच नाही, आणि लढाई त्यासाठीच होती.

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. शोधक म्हणून नावं होती ती दोन भारतीय वंशाच्या संशोधकांची. त्याच वर्षी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, म्हणजे एनसीएलचे, संचालक डॉ. रघुनाथ माशेलकर दिल्लीला सीएसआयआरचे महासंचालक झाले. गोव्यातल्या माशेलचे, मुंबईत गरिबीत वाढलेले. त्यांच्या काळात सीएसआयआरनं या पेटंटला आव्हान दिलं.

बोट कापलं की आजी हळद दाबते, हे आपल्या घरातल्या पोरालाही माहीत. पण अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात एक खाच होती. अमेरिकेत एखादी गोष्ट नुसती वापरात असेल तरी ती आधीपासून माहीत असलेली धरत. अमेरिकेबाहेरचा नुसता वापर मात्र धरत नसत. बाहेरच्या देशातलं असेल तर छापील पुरावा लागे. म्हणजे कोट्यवधी आज्यांची साक्ष चालणार नव्हती. कागद हवा होता.

सीएसआयआरनं ३२ संदर्भ गोळा केले. त्यात जुने ग्रंथ होते आणि 'इंडियन मेडिकल असोसिएशन'च्या नियतकालिकात १९५३ साली छापलेला एक लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयानं सीएसआयआरचं म्हणणं मान्य केलं आणि ते पेटंट गेलं. पुढे २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह उभारला गेला, म्हणजे दर वेळी नव्यानं कागद शोधत फिरायला नको. आपल्या कायद्यातही परंपरेनं चालत आलेल्या ज्ञानाला पेटंट मिळत नाही.

माशेलकरांच्या कामाची दुसरी बाजू मात्र वर्गात फारशी कुणाला माहीत नसते. १९८९ मध्ये एनसीएलचे संचालक झाल्यावर त्यांनी आपल्या शास्त्रज्ञांना परदेशी पेटंटसाठी अर्ज करायला लावलं. पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकवरच्या एनसीएलच्या अमेरिकी पेटंटांकडे त्या धंद्यातल्या जनरल इलेक्ट्रिकचं लक्ष गेलं आणि ती कंपनी पुण्याच्या पाषाण रोडवर संशोधनाचा करार करायला आली. पेपर छापला नाही तर संशोधक संपला, अशी जगभर म्हण आहे. माशेलकरांनी तिच्यात एक पायरी घातली: आधी पेटंट, मग पेपर, मग भरभराट. चुकीचं पेटंट पाडणारा आणि योग्य पेटंट घ्यायला लावणारा माणूस एकच होता, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो.

गोळी कितीला

कुणाला किती काळ एकस्व द्यायचं, हे प्रत्येक देश आपल्या गरजेनुसार ठरवत आला आहे. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये सरकारला अहवाल दिला. भारतातली बहुतेक पेटंटं परदेशी कंपन्यांची आहेत आणि त्यांतली बरीचशी इथे वापरातच आणली जात नाहीत, असं त्यांना दिसलं. नुसतं कुंपण, आत पीक नाही. त्यातून १९७० चा कायदा आला आणि एप्रिल १९७२ पासून लागू झाला. औषधाच्या रेणूवर पेटंट बंद झालं, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर उरलं. पद्धत बदला आणि तेच औषध बनवा. आपल्याकडचा औषधधंदा त्यावर वाढला. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लानं एचआयव्हीची तीन औषधं एकत्र दिवसाला एका डॉलरहून कमी दरात देऊ केली, ती या पायावर.

जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे सर्व पेटंटांची मुदत २० वर्षं झाली आणि २००५ पासून औषधांवरचं पेटंटही परत आलं. पण कायद्यात एक खिडकी ठेवलेली होती. बायर कंपनीचं कॅन्सरवरचं एक औषध महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना पडत असे. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयानं हैदराबादच्या नॅटको कंपनीला ते बनवायचा सक्तीचा परवाना दिला. किंमत आली महिन्याला ८,८०० च्या आसपास. भारतातला हा पहिला सक्तीचा परवाना. हा आकडा फळ्यावर लिहिला की फार्मसीची मुलं मोबाईल खाली ठेवतात.

नान्नजची काडी

आता गावाजवळ येऊ. करकंबच्या आसपास उजनीचं पाणी आल्यापासून ऊस वाढला, पण द्राक्ष आणि बेदाणाही आमच्या भागाचा. द्राक्षबागायतदाराला 'सोनाका' आणि 'शरद सीडलेस' ही नावं सांगावी लागत नाहीत. या दोन्ही जातींमागे आहेत उत्तर सोलापूर तालुक्यातल्या नान्नजचे नानासाहेब काळे. सोनाका आली थॉम्पसन सीडलेसच्या बागेतून. हजारो वेलींत एखाद्या फांदीचे मणी वेगळे दिसतात, लांबट दिसतात. ती फांदी ओळखायची, तिची काडी वेगळी लावायची, वर्षानुवर्षं पाहायचं की गुण टिकतो का. प्रयोगशाळेत याला संशोधन म्हणतात. बागेत याला नजर म्हणतात.

याला पेटंट मिळालं असतं का? नाही. आपल्या कायद्यात वनस्पती, बियाणं, वाण आणि शेतीची पद्धत यांना पेटंट नाही. पण म्हणून शेतकऱ्याच्या हातात काहीच नाही असं नव्हे. २००१ मध्ये वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा झाला. त्यात शेतकरी स्वतःचा वाण स्वतःच्या नावावर नोंदवू शकतो. वेली आणि झाडांसाठी संरक्षण १८ वर्षांचं असतं. शेतकऱ्यांनी आपसात बियाणं ठेवायचं, द्यायचं-घ्यायचं, हा हक्कही त्यात शाबूत आहे. काळ्यांच्या पुढच्या पिढीनं आपले नवे वाण या कायद्याखाली नोंदवले आहेत.

मंगळवेढ्याची ज्वारी आणि सोलापुरी चादर यांचं प्रकरण आणखी वेगळं. त्यांना भौगोलिक मानांकन आहे. ते एका माणसाचं नसतं, त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचं असतं. ॲपचं नाव आणि लोगो ट्रेडमार्कखाली येतात. तुम्ही लिहिलेला कोड कॉपीराइटखाली. नुसता प्रोग्रॅम किंवा अल्गोरिदम पेटंटखाली येत नाही, कायद्यात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. त्या प्रोग्रॅममुळे यंत्रात काही तांत्रिक फरक पडत असेल तरच बोलणं पुढे जातं. 'पेटंट काढायचंय' म्हणत येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना खरं तर या दुसऱ्या खिडकीवर जायचं असतं.

भेगाळलेली जमीन

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये जिल्ह्यात कुठेही जा, एक गट हमखास असतो: मातीतली ओल मोजून ठिबक आपोआप चालू-बंद करणारी यंत्रणा. सेन्सर, आर्डुइनो, रिले, मोटर. मुलं मनापासून करतात आणि मग विचारतात, याचं पेटंट होईल का?

पेटंटला तीन कसोट्या असतात. जगात कुठेही आधी माहीत नसलेलं हवं. त्या विषयातल्या जाणकाराला सहज सुचेल असं नको. आणि उद्योगात, शेतीसुद्धा त्यात आली, वापरता येण्याजोगं हवं. ठिबकवाली यंत्रणा तिसरीत पास होते आणि पहिल्या दोनांत नापास. गूगल पेटंट्सवर किंवा भारतीय पेटंट कार्यालयाच्या 'इनपास' या मोफत शोधसेवेवर अर्धा तास बसलं की तशाच कितीतरी सापडतात.

मग मी विचारतो, बाबांच्या रानात लावून पाहिलं का? तिथे काय बिघडलं? एका गटानं सांगितलं की उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात, सेन्सर आणि मातीत फट पडते, आणि रान ओलं असलं तरी सेन्सर कोरडं दाखवतो. मोटर चालूच राहते. मी म्हटलं, आता तुमचा विषय सुरू झाला. भेग पडली तरी मातीला चिकटून राहील असा सेन्सर कुणी केलाय का, शोधा. नसेल तर तुम्ही करा. पेटंटचा अर्ज लिहिताना सगळ्या यंत्रणेचं गुणगान कामाचं नसतं. शेवटी 'क्लेम' असतात, क्रमांक घातलेली वाक्यं. नेमकं काय तुमचं, त्याची ती चतुःसीमा. सातबाऱ्यावर वाडवडिलांचं कौतुक नसतं, गट नंबर आणि क्षेत्र असतं. तसंच.

आता क्रम. ज्या दिवशी सुचलं त्या दिवशी वहीत लिहा, तारीख टाका, मार्गदर्शकांची सही घ्या. मग शोध घ्या. मग कच्चा अर्ज करा. विद्यार्थ्याला वैयक्तिक ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आहे, आणि २०२१ पासून शिक्षणसंस्थांनाही याच सवलतीच्या दरानं अर्ज करता येतो. वकील किंवा एजंट घेतला तर त्याचा खर्च वेगळा. पुढे तपासणीसाठी वेगळी मागणी करावी लागते. २०२४ च्या नियमांनुसार तिची मुदत ३१ महिने आहे, आणि ती केली नाही तर अर्ज मेला असं समजा. पेटंट मिळाल्यावरही चालू ठेवायला वार्षिक शुल्क भरावं लागतं.

आणि या सगळ्याच्या आधी तोंड बंद. विद्यापीठाच्या 'आविष्कार' स्पर्धेतलं पोस्टर, जर्नलमधला पेपर, यूट्यूबवरचा डेमो, इन्स्टाची रील, शोधगंगेवर चढलेला प्रबंध, हे सगळं 'उघड करणं' आहे. आपल्या कायद्यात विद्वत्सभेत वाचलेल्या पेपरसाठी १२ महिन्यांची मर्यादित सवलत आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका. युरोपात तीही नाही. अर्ज एका दिवसाचं काम आहे. रील दुसऱ्या दिवशी टाका.

'पब्लिश्ड' म्हणजे मिळालं नव्हे

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारनं बौद्धिक संपदेबद्दल दहा लाख विद्यार्थ्यांना माहिती द्यायची मोहीम काढली आणि पुढच्या ऑगस्टच्या आत तो आकडा गाठला. नागपूरला या विषयाची राष्ट्रीय प्रशिक्षण संस्थाच आहे. म्हणजे शब्द आता सगळीकडे पोहोचलाय. त्याच्याबरोबर एक रोगही पोहोचलाय.

कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हार घातलेले फोटो येतात: 'आमच्या अमुक प्राध्यापकांचं पेटंट प्रकाशित!' खाली पन्नास टाळ्या. प्रत्येक अर्ज १८ महिन्यांनी आपोआप प्रकाशित होतो, आणि जादा फी भरली तर त्याच्या बराच आधी. कुणी तपासलेलंही नसतं तेव्हा. तपासणी पुढे असते, आणि कितीतरी अर्ज तिथवर जातच नाहीत. पण मूल्यांकनाच्या तक्त्यात 'पेटंट' असा रकाना असतो आणि तो भरायचा असतो. मग आठ-दहा नावं एका अर्जावर, एकमेकांना कधी न भेटलेली. पैसे भरा, नाव लावून देतो, अशा जाहिराती फिरतात. परदेशात वस्तूच्या नुसत्या बाह्य आकाराची नोंद करून तिलाच 'आंतरराष्ट्रीय पेटंट' म्हणणारेही आहेत.

यात नुकसान कुणाचं? त्या भेगांवर काम करणाऱ्या पोरांचं. शोधक कोण हे कायद्यानं खरं सांगावं लागतं. ज्यानं डोकं लावलं तो शोधक. फी भरणारा, विभागप्रमुख, प्रिंटआऊट काढणारा, यांतलं कुणीही केवळ त्या नात्यानं शोधक होत नाही. अर्ज कुणाच्या नावानं करायचा, कॉलेजच्या की विद्यार्थ्यांच्या, हे कॉलेजच्या धोरणात लिहिलेलं असावं लागतं, आणि ते सही करण्याआधी वाचून घ्यावं लागतं. मी मुलांना सांगतो, सरांना नम्रपणे विचारा: 'सर, शोधक म्हणून कुणाकुणाची नावं जाणार, आणि का?' विचारण्यात उद्धटपणा नाही.

भेगांवाल्या गटातली एक मुलगी सत्र संपल्यावर थांबली. म्हणाली, 'सर, आम्हाला यातून धंदा करायचा नाहीये. गावातल्या सगळ्यांना वापरता यावं असं वाटतं. मग पेटंट नाही टाकलं तर चालेल?'

चालेल, मी म्हटलं. मग उलटं करा. चांगला, सविस्तर पेपर लिहा, आकृत्यांसकट, आणि तारखेसकट छापून टाका. एकदा उघड झालं की तेच दुसऱ्या कुणालाही स्वतःच्या नावावर करता येणार नाही. १९५३ साली हळदीवर लेख लिहिणाऱ्यांनी तेवढंच केलं होतं. चव्वेचाळीस वर्षांनी तो कागद कामी आला. फक्त छापायच्या आधी चौघांनी बसून ठरवा, कारण छापल्यावर ठरवायला काही राहत नाही.

तिनं वही काढली आणि वरच्या कोपऱ्यात तारीख टाकली.